कोफिलिनची वही : जुलै ते सप्टेंबर २०२४

८ जुलै

नवी वही, नवं काम. लॅबच्या प्रमुख मॅडमनी एका ओळीत सांगितलं : "ह्यूमन कोफिलिन-१ इथेच बनव. विकतचं परवडत नाही, आणि त्या कुपीत नक्की काय आहे ते आपल्याला कळतही नाही."

पुढे ही वही ज्याच्या हातात पडेल त्याच्यासाठी थोडक्यात. पेशीच्या आत ॲक्टिन या प्रोटीनचे धागे असतात. ॲक्टिनचा एकेक रेणू मण्यासारखा जोडत एका टोकाने वाढायचं आणि दुसऱ्या टोकाने झिजायचं, हे त्यांचं अखंड चालू असतं. पेशी सरकते, दुभंगते, आकार बदलते ती याच्याच जोरावर. जुने धागे मोडून मणी पुन्हा मोकळे करणं हे कोफिलिनचं काम. १६६ अमिनो आम्लांचं प्रोटीन, वजन साडेअठरा किलोडाल्टन, म्हणजे ॲक्टिनच्या निम्म्याहूनही लहान. १९८४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ते डुकराच्या मेंदूतून वेगळं केलं. आम्हाला डुकराचा मेंदू नको, ई. कोलाय बॅक्टेरिया पुरे.

फ्रीझरच्या तिसऱ्या खणात जुना प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं) सापडला : पेट-२८ए या प्रकारात मानवी कोफिलिनचं जनुक, पुढच्या टोकाला सहा हिस्टिडिनचा टॅग, म्हणजे निकेलला चिकटणारी शेपटी. डब्यावरची तारीख पुसलेली. सीक्वेन्सिंगला पाठवला.

११ जुलै

सीक्वेन्स बरोबर. बीएल२१ या ई. कोलायच्या जातीत घातला, कॅनामायसिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर (प्लाझ्मिड घेतलेलेच बॅक्टेरिया जगतात) भरपूर वसाहती. यात लिहिण्यासारखं काही नाही.

१६ जुलै

एक्सप्रेशन, म्हणजे बॅक्टेरियाकडून प्रोटीन बनवून घेणं. ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.६ ला आयपीटीजी, जनुक चालू करणारं रसायन. ३७ अंशांवर चार तास आणि १८ अंशांवर रात्रभर, दोन्हीत, प्रोटीनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर, २० किलोडाल्टनच्या आसपास इतका जाड पट्टा की ज्युनिअर म्हणाली, "हे जेल आहे की झेब्रा क्रॉसिंग?" बहुतेक सगळं विद्राव्य. कोफिलिन स्वभावाने गुणी आहे, गाळात बसत नाही.

उद्या आषाढीची सुट्टी. लॅबमधली सीनियर ताई म्हणाली, पेलेट (तळाशी बसलेला पेशींचा गोळा) उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये टाक आणि घरी जा. गेले.

१९ जुलै

निकेल कॉलम. इमिडॅझोल (टॅगला निकेलवरून सोडवणारं रसायन) २० मिलिमोलरवर धुतलं, २५० वर काढलं. एका दुपारीत काम उरकलं. एक लिटर कल्चरमधून तीसेक मिलिग्रॅम, जेलवर एकच पट्टा. इतकं सोपं असतं हे? मॅडमना फोटो पाठवला. उत्तर आलं : "ॲक्टिव्ह आहे का?"

स्वच्छ असणं वेगळं आणि जिवंत असणं वेगळं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी जरा राग आला.

टॅग थ्रॉम्बिन या एन्झाइमने कापायचा की ठेवायचा? वीसच अमिनो आम्लं आहेत. थ्रॉम्बिनचे पैसे वाचतात. ठेवला. (ही ओळ मी नंतर लाल शाईने अधोरेखित केली.)

२५ जुलै

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडकडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, नदीकाठचे रस्ते बंद. लॅबमध्ये कोणी पोचलं नाही. डायलिसिसची (द्रावण बदलण्याची) पिशवी शीतकक्षात तशीच फिरत राहिली. प्रोटीनला काही झालं नाही.

२ ऑगस्ट

चाचणीसाठी ॲक्टिन लागणार. विकतचं ॲक्टिनही महाग. म्हणून घरचं. प्रमाण पद्धत सशाच्या स्नायूची, स्पुडिच आणि वॉट यांची १९७१ सालची. पण कोंबडीच्या छातीच्या मांसातूनही तेच स्केलेटल ॲक्टिन मिळतं आणि कोंबडी कोपऱ्यावर मिळते. अट एकच : मांस ताजं हवं, फ्रोझन नको.

लॅबमधले मामा म्हणाले, रविवारी सकाळी लवकर जाऊ. कॅलेंडर मी पाहिलं नाही, त्यांनीही नाही.

४ ऑगस्ट

गटारी. श्रावण उद्यापासून. दुकानासमोरची रांग रस्त्यापर्यंत, पिशव्या घेतलेले काका, मध्येच घुसणारे स्कूटरवाले. सव्वा तास उभे होतो. आमचा नंबर आल्यावर मामांनी सांगितलं, "एक किलो छातीचं, कातडी नको, हाड नको, आणि आत्ता कापलेलं." दुकानदाराने विचारलं, "बिर्याणी का?" मामा म्हणाले, "नाही, पावडर." त्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती विसरणार नाही.

दुकानातून बर्फात, थेट शीतकक्षात. खिमा केला. आधी पोटॅशियम क्लोराइड आणि फॉस्फेटच्या द्रावणात, म्हणजे मायोसिन हे स्नायूतलं दुसरं प्रोटीन बाहेर पडतं. मग सोडियम बायकार्बोनेट, ईडीटीए, पाणी. प्रत्येक वेळी मलमलीच्या कापडातून पिळायचं, घरी चक्का पिळतो तसं. शेवटी थंड ॲसिटोनचे हात. पांढरा चोथा फ्यूमहूडमध्ये कागदावर पसरला. संध्याकाळपर्यंत कापसासारखी हलकी भुकटी तयार.

ही भुकटीची युक्ती हंगेरीतल्या सेगेडची. १९४२ मध्ये, महायुद्ध चालू असताना, सेंट-ज्यॉर्जी यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रॉब यांनी पहिल्यांदा ॲक्टिन काढलं ते ॲसिटोनने सुकवलेल्या स्नायूतूनच. ऐंशी वर्षं उलटली, पद्धतीचा गाभा तोच. मला उगाच बरं वाटलं.

घरी जाऊन दोनदा अंघोळ केली. आईने दिवे पुजायला मांडलेले. "वास कसला येतोय?" मी म्हणाले, ॲसिटोन. अर्धं खरं.

९ ऑगस्ट

तीन ग्रॅम भुकटी जी-बफरमध्ये (मणी सुटे ठेवणारं द्रावण) भिजवली : ट्रिस, ०.२ मिलिमोलर एटीपी, थोडं कॅल्शियम, डीटीटी, सगळं बर्फावर. गाळलं. मग ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि २ मिलिमोलर मॅग्नेशियम घालून वाट पाहिली. या दोन क्षारांनी सुटे मणी आपोआप धागे होतात, द्रव साखरेच्या पाकासारखा घट्ट होतो. हे डोळ्यांनी दिसतं. या कामात डोळ्यांनी दिसणारं इतकं कमी असतं की मी बीकर हलवून हलवून पाहत बसले.

मग क्षार वाढवून धाग्यांना चिकटलेला ट्रोपोमायोसिन सोडवला, अल्ट्रासेंट्रिफ्यूज, तळाशी काचेसारखा पारदर्शक थेंब. तो डाउन्समध्ये (काचेचा हातखल) हलकेच फोडून जी-बफरमध्ये तीन दिवस डायलिसिसला ठेवायचा, म्हणजे धागे पुन्हा मणी.

१३ ऑगस्ट

पन्नासेक मिलिग्रॅम ॲक्टिन. २९० नॅनोमीटरवर मोजलं, कारण २८० वर एटीपी मध्ये लुडबुडतो. जेलवर ४२ किलोडाल्टन.

१४ ऑगस्ट

पहिली खरी चाचणी, सगळ्यात साधी. धागे केलेलं ॲक्टिन ५ मायक्रोमोलर, कोफिलिन ५ मायक्रोमोलर, अर्धा तास एकत्र, मग सेंट्रिफ्यूजमध्ये १,००,००० जी वर तीस मिनिटं. धागे खाली बसतात, सुटे मणी वर राहतात. कोफिलिन धाग्याला चिकटलं तर तेही खाली जायला हवं.

पेलेटमध्ये ॲक्टिन. सुपरनेटंटमध्ये, म्हणजे वरच्या द्रवात, कोफिलिन. जवळजवळ सगळं.

पुन्हा केलं. तेच. ॲक्टिन एकटं : खाली. कोफिलिन एकटं : वर. दोन्ही एकत्र : जणू एकमेकांची ओळखच नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले दोन अनोळखी पाहुणे.

१६ ऑगस्ट

काल सुट्टी होती, पण डोक्यात तेच. बफर तपासला, डीटीटी ताजं टाकलं, पीएच मोजला. काही फरक नाही. ताईने माझं बोलणं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं : "लिम कायनेज कुठे फॉस्फेट लावतं?"

सेरिन ३ वर.

आणि मी जिथे बोलत होते तिथेच थांबले. कोफिलिन बंद करायचं असतं तेव्हा पेशी काय करते? लिम कायनेज-१ हे एन्झाइम तिसऱ्या अमिनो आम्लावर एक फॉस्फेट चिकटवतं. हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं. एवढं झालं की कोफिलिन ॲक्टिनला धरू शकत नाही. स्लिंगशॉट नावाचं फॉस्फटेज ते फॉस्फेट काढतं आणि कोफिलिन पुन्हा चालू. म्हणजे पुढचं टोक हेच त्याचं हात घालायचं टोक. निसर्गाला ते बंद करायला एक फॉस्फेट पुरतं आणि मी त्याच टोकावर वीस अमिनो आम्लांची शेपटी बांधून विचारतेय की बाळ काम का करत नाही.

बॅक्टेरियात बनवण्याचा मोठा फायदाच हा की तिथे लिम कायनेज नाही. सेरिन ३ कोरं येतं, प्रोटीन जन्मतः चालू असतं. तो फायदा मी स्वतःच्या हाताने घालवला.

२० ऑगस्ट

थ्रॉम्बिनने टॅग कापला. पण कापून झाल्यावरही ग्लायसिन, सेरिन, हिस्टिडिन पुढे उरतात, आणि त्यांच्यामागे जनुकातलं पहिलं मेथिओनिन, जे एरवी गळून जायला हवं होतं. स्पिन केलं : आता थोडं कोफिलिन खाली जातं. थोडं. अर्धवट जागं झाल्यासारखं.

मॅडम : "टॅगशिवाय बनव." मी : "मग शुद्ध कसं करणार?" मॅडम : "टॅग यायच्या आधी लोक कसं करायचे?"

२३ ऑगस्ट

जनुक एनडीई-१ आणि एक्सएचओ-१ या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमांनी कापून पेट-२१ए या दुसऱ्या प्लाझ्मिडमध्ये हलवलं. शेवटी स्टॉप कोडॉन आहेच, त्यामुळे मागच्या टोकालाही काही लागणार नाही. तुकडा पाचशेच्या वर जरासा : १६६ गुणिले तीन अधिक स्टॉपचे तीन, ५०१ बेस. कॅनामायसिन नाही, आता ॲम्पिसिलिन. (पहिल्या दिवशी सवयीने कॅनामायसिनच्या प्लेटवर पसरलं. कोरी प्लेट. एक दिवस गेला. कोणाला सांगितलं नाही, इथे लिहिते.)

२९ ऑगस्ट

टॅग नसला की प्रोटीनचा स्वभाव ओळखून काम करावं लागतं. कोफिलिनचा समविद्युत बिंदू ८.२ च्या आसपास. म्हणजे पीएच ८ ला त्याच्यावर जवळजवळ भार नाही. त्या पीएचला डीईएई या धनभारित कॉलममधून सगळा अर्क सोडला : ई. कोलायची बहुतेक आम्लधर्मी प्रोटीनं आणि न्यूक्लिक आम्लं अडकली, कोफिलिन सरळ निघून गेलं. मग पीएच ६.५ ला आणलं. आता त्याच्यावर धनभार, म्हणून एसपी या ऋणभारित कॉलमला चिकटलं. मीठ हळूहळू वाढवत काढलं. शेवटी सुपरडेक्स ७५ (आकारानुसार वेगळं करणारा कॉलम), एकच सरळ शिखर.

चार सिस्टीन आहेत, ३९, ८०, १३९ आणि १४७, म्हणून सगळीकडे १ मिलिमोलर डीटीटी. विसरलं तर रेणू एकमेकांना जोडले जातात आणि जेलवर दुप्पट वजनाचा पट्टा दिसतो.

निकेलवर एक दुपार लागली होती, इथे तीन दिवस. मिळालं निम्म्याहून कमी. पण या वेळी प्रत्येक पायरीला प्रोटीन कुठे आहे आणि का आहे ते मला ठाऊक होतं.

मोजायला २८० नॅनोमीटर. एक ट्रिप्टोफॅन, सहा टायरोसिन, प्रकाश शोषणाचा गुणांक १४,४४०.

३० ऑगस्ट

मास स्पेक (रेणूचं नेमकं वजन) आलं : १८,३७१ च्या अगदी जवळ. संपूर्ण साखळीचं गणित १८,५०२ येतं. फरक १३१, म्हणजे नेमकं एक मेथिओनिन. दुसऱ्या जागी ॲलानिन आहे, लहान अमिनो आम्ल, त्यामुळे बॅक्टेरियाच्या स्वतःच्या एन्झाइमने पहिलं मेथिओनिन छाटलं. फॉस्फेटचे ८० जास्तीचे कुठे नाहीत. टोक मोकळं.

२ सप्टेंबर

तीच स्पिन चाचणी. पीएच ६.६ ला : ॲक्टिन खाली, कोफिलिनही खाली, एकास एकच्या जवळ. पीएच ८ ला : ॲक्टिनचा चांगला भाग वर, सुपरनेटंटमध्ये. तेच प्रोटीन, तीच मात्रा, फक्त पीएच वेगळा. एकीकडे धाग्याला चिकटून बसतं, दुसरीकडे धागा विरघळवतं. हे १९८५ मध्येच दाखवलेलं आहे, नवं काही नाही. पण माझ्या जेलवर आलं तेव्हा मी मामांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे गटारीला उभं राहिलो ते वसूल?"

वसूल.

४ सप्टेंबर

आता पायरीन. ॲक्टिनच्या ३७४ व्या सिस्टीनवर पायरीन नावाचा रंग लावला की सुट्या मण्यात तो मंद असतो, धाग्यात अनेक पटींनी उजळतो. ३६५ वर प्रकाश टाकायचा, ४०७ वर वाचायचं. धागा मोडला की उजेड कमी.

धाग्यांवर कोफिलिन टाकलं. उजेड काही सेकंदांत धाडकन खाली. कॅन्टीनमधून सगळ्यांना वडापाव आणला.

५ सप्टेंबर

मॅडमनी आलेख पाहिला. "हे कोणत्या पीएचला केलंस?" ६.६ ला. "आणि परवाच्या स्पिनमध्ये ६.६ ला ॲक्टिन कुठे होतं?" खाली. सगळं खाली.

धागे शाबूत, तरी उजेड पडला. कारण कोफिलिन धाग्यावर बसलं की पायरीनचा उजेड ते स्वतःच विझवतं. मी मोडणं मोजत नव्हते, बसणं मोजत होते. माहिती चुकीची नव्हती, मी तिला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. वडापावचे पैसे परत मिळत नाहीत.

टॅग सोयीसाठी लावला, त्याने टोक झाकलं. पायरीन सोयीसाठी लावलं, त्याने दिशाभूल केली. ज्या चाचणीला काहीच चिकटवावं लागत नाही ती, म्हणजे जुनाट सेंट्रिफ्यूज, दोन्ही वेळेला खरं बोलली. आता पायरीनचा कोणताही आलेख शेजारी पेलेट ठेवल्याशिवाय वाचणार नाही.

७ सप्टेंबर

गणपती बसले. पाच दिवस वही बंद.

१२ सप्टेंबर

दुसऱ्या विभागाच्या टर्फ (काचेलगतचाच थर उजळणाऱ्या) मायक्रोस्कोपवर दोन तासांची वेळ मिळाली. काचेवर ॲक्टिनचे धागे, फॅलॉइडिनला रोडामिन लावलेला रंग. अंधाऱ्या खोलीत लाल केसांसारखे धागे, फार सुंदर. कोफिलिन सोडलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एकही तुटला नाही.

या वेळी मी फार वेळ दचकत बसले नाही. फॅलॉइडिन हे डेथ कॅप या विषारी अळंबीचं विष. ते धाग्याला घट्ट बांधून ठेवतं, आणि कोफिलिन बसलेल्या जागी ते बसत नाही, ते बसलेल्या जागी कोफिलिन. दोघं एकमेकांना हाकलतात. चिकटवलेली तिसरी गोष्ट, तिसरा धडा. ताईला सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला खुर्ची लागली.

१३ सप्टेंबर

ॲक्टिनवरच रंग लावायचा, लायसिनवर, आणि दहापैकी एकाच मण्याला. बाकी नऊ कोरे. फॅलॉइडिन अजिबात नाही.

१८ सप्टेंबर

काल विसर्जन, रात्री उशिरापर्यंत ढोल. आज सकाळी साडेसातला टर्फ.

१०० नॅनोमोलर कोफिलिन. आधी काहीच नाही. मग एका धाग्याच्या मधोमध फट. मग दुसऱ्याच्या. दोन मिनिटांत पडद्यावर तुकडेच तुकडे. माझ्या तोंडून ओरडणं निघालं, शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावलं.

मग मोह झाला, जास्त घालून पाहू. ५ मायक्रोमोलर. पन्नासपट जास्त, आणि तुटणं कमी! चूक नव्हती. कोफिलिन बसलेला धाग्याचा भाग जास्त पिळला जातो, दर मण्यामागे सुमारे पाच अंश. पिळलेला आणि साधा भाग जिथे भेटतात ती सीमा कमकुवत, धागा तिथेच तुटतो. थोडं कोफिलिन असलं की ठिगळं पडतात, सीमा भरपूर. सगळा धागाच कोफिलिनने झाकला गेला की सीमा उरत नाही. मीठ जरा कमी पडलं तर आमटी सुधारता येते आणि जास्त पडलं तर नाही, पण इथे जास्त कोफिलिन धाग्याला वाचवतं. स्वयंपाकात याला जोड सापडत नाही.

दोन्हीचे व्हिडिओ, फ्रेम दर पाच सेकंदांनी, फोल्डर "सप्टें१८_लायसिन". तीस धागे मोजायचे आहेत, ते ज्युनिअर करणार. कोणत्या फाइलमध्ये किती कोफिलिन ते तिला सांगणार नाही.

२० सप्टेंबर

कोफिलिन पन्नास मायक्रोलिटरच्या कुप्यांत, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ऐंशीत. चाळीस कुप्या. प्रत्येकीवर तारीख, १४,४४० ने काढलेली मात्रा, आणि "टोक मोकळं, टॅग नाही".

जुलैमधलं हिस-टॅगवालं प्रोटीन अजून सव्वीस मिलिग्रॅम उरलंय. फेकवत नाही. स्पिन चाचणीत न चिकटणारा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, म्हणून वापरता येईल, असं मॅडम म्हणाल्या. वेगळ्या डब्यात, पिवळ्या झाकणाखाली, तिसऱ्या खणात डावीकडे.

ॲक्टिनची भुकटी दीड ग्रॅम शिल्लक. मामांनी विचारलं, पुढची खेप कधी? मी म्हणाले, कॅलेंडर बघून सांगते.